पावसाळ्यातले तास

सोलर विकायला आलेल्या माणसाने पहिल्याच चहाला मला विचारलं, "साहेब, वर्षाची सरासरी किती धरायची?" तेव्हाच तो माझ्या मनातून उतरला. मी अख्खी नोकरी चंद्रपूरच्या ऊर्जानगरात, वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढलेली. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे लागतात, तेव्हा लोकांना सरासरी वीज देऊन भागत नाही, त्या घटकेला लागते तेवढीच द्यावी लागते. त्याला मी हे सांगितलं. तो हसला आणि मोबाईलमध्ये काहीतरी लिहू लागला. काय लिहितो ते मला दिसू नये म्हणून त्याने मोबाईल जरा तिरका धरला, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

माझ्या घरात प्रश्न दिव्यांचा नव्हताच. प्रश्न बायकोच्या श्वासाचा होता. एका मोठ्या आजारपणानंतर तिची फुप्फुसं आखडली, आणि तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन आमच्या घरातलं तिसरं माणूस झालं. पाण्याच्या पिंपाएवढं मशीन, त्यातून निघालेली बारीक नळी तिच्या नाकाशी. रात्री झोपताना ते लावायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसा मात्र दम लागेल तसं, ऋतू आणि हवा बघून, किती वेळ ते तिचं तिने ठरवायचं. म्हणजे रात्रीचा हिशोब डॉक्टरांकडे होता आणि दिवसाचा तिच्याकडे.

मी निवृत्त झालो तसा तिने एकच हट्ट धरला. गडचिरोली जिल्ह्यातल्या तिच्या माहेरच्या गावी तिच्या वाट्याची धानाची जमीन होती. तिथे घर बांधायचं. बांधलं. पण गावातला विजेचा शेवटचा खांब शेजारच्या बाईच्या दारात संपतो आणि आमचं घर त्याच्याही पलीकडे, शेताला लागून. जोडणीचा अर्ज दिला होता, ती मिळेल तेव्हा मिळेल. आणि मिळाली तरी पावसाळ्यात जंगलात कुठेतरी झाड पडतं आणि लाईन जाते ती जातेच. म्हणून सोलर. चंद्रपूरला राहणाऱ्या आमच्या मुलाने अट घातली की मशीन एक दिवसही बंद पडता कामा नये, पडलं तर आईला परत चंद्रपूरला आणायचं. मला ती अट मान्य होती. तिला नव्हती, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी संशयी आहे. कंट्रोल रूममध्ये एकाच गोष्टीला दोन-दोन काटे असायचे, आणि दोन्ही काटे एकच आकडा दाखवू लागले की मला जास्तच घोर लागायचा. दूधवाला जास्त गोड बोलला तर मी दूध उकळून बघतो. बायको म्हणायची, "तुमाले देव भेटला ना, तरी तुमी त्याचं आधार कार्ड मागसान." मी मागितलं असतंच.

तेव्हा विक्रेत्याची सरासरी बाजूला ठेवून आम्ही दोघं छपरीत बसलो आणि घराची मागणी आम्हीच काढायला घेतली. विजेची प्रत्येक वस्तू किती खाते ते मोजायचं एक छोटं मीटर मी चंद्रपूरला असतानाच आणलं होतं. मिक्सरच्या बुडाशी छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. मिक्सर, पंखा, कूलर, पाण्याची मोटर, फ्रिज, ते मशीन, सगळ्यांना मी तिथेच पाळीपाळीने त्या मीटरवर बसवलं होतं. बायको मटार सोलत ती यादी बघत होती. म्हणाली, "मले पण बसवा त्याच्यावर."

मी बारा महिने मांडत होतो. तिने ते मोडीत काढले. तिच्या हिशोबात महिने नव्हते, कामं होती. मोहफुलं पडायची, तेंदूपानं तोडायची, रोवणीची, धानकापणीची, मंडईची अशी तिची वर्षाची वाटणी. उन्हाळ्याचं तर मलाही कळत होतं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कूलर दिवसभर, पण ऊनही दिवसभर. फक्त पॅनेल फार तापले की वीज कमी देतात, तेवढी मी वजा धरली. हिवाळ्याला मी सर्वांत कमी मागणी लिहिली. पंखा नाही, कूलर नाही, दोन म्हातारी माणसं. तिने मान हलवली.

"अन् मंडई?"

दिवाळी झाली की झाडीपट्टीतलं एकेक गाव आपापला दिवस धरतं. दिवसा मंडईची जत्रा, रात्री नाटक. ज्या गावात मंडई, त्या गावच्या घराघरात दूरदूरचे सगेसोयरे येऊन पडतात. ती म्हणाली, "तेव्हा घरात माणसं मोजू नका, मोबाईल मोजा. अन् मोटर दिवसभर." माझा विश्वास बसेना. मी गावात तीन घरी जाऊन आडून आडून विचारलं. तिन्ही घरी तेच उत्तर. हिवाळ्याचा आकडा मी मुकाट्याने वाढवला, आणि त्यामुळे हिशोबाच्या कामात तिची पत माझ्याकडे एकदम वधारली.

मग हिशोबात पावसाळा आला. तिथे सगळी मेख होती. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, पॅनेल नावापुरते उरतात, आणि बॅटरीत साठवलेलं पुरवून पुरवून खावं लागतं. मी तिला विचारलं, पावसाळ्यात दिवसा मशीन किती तास लागेल? तिने मटाराची शेंग उघडली, दाणे ताटलीत टाकले आणि सहज म्हणाली, "पावसाळ्यात कमी लागते मले. हवा धुतल्यावानी असते ना. चारेक तास पुरे."

मी चार लिहिले. मिक्सरवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने हा आकडा जसाच्या तसा घेतला, कारण चार तास धरले की बेरीज जुळत होती. सहा धरले असते तर जुळली नसती.

सोलर बसलं. उन्हाळा मोठ्या थाटात गेला. भरदुपारी कूलर चालवून मी गावकऱ्यांना घर दाखवलं. सगळे यायचे, बघायचे, "मस्त हाय, जवाईबापू" म्हणायचे. इथे हे सांगायला हवं की मी या गावचा जावई आहे, म्हणजे एका घराचा नाही, अख्ख्या गावाचा. मी कुठल्याही दारात उभा राहिलो की खाट ओढली जाते, चहात साखर जास्त पडते आणि वाईट बातमी गिळली जाते. जावयाला उणं दाखवायचं नाही ही इथली रीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा आलो तेव्हा सासऱ्यांचं स्वयंपाकघर गळत होतं. मला पुढच्या खोलीत बसवून मधलं दार लावून घेतलं आणि मुक्काम संपेपर्यंत कोणी ते दार उघडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, आतमध्ये मांजर व्यायली आहे. भाताला पावसाचा वास येत होता.

संशयी माणसाने अशा गावचा जावई होणं ही शिक्षाच आहे. चार माणसं बोलत बसलेली असतात, मी गेलो की विषय बदलतो. काहीतरी झाकलं जातंय हे मला कळतं, काय ते कधीच कळत नाही.

पावसाळा लागला आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवणी सुरू झाली. मी रोज सकाळी छत्री घेऊन बांधावर जायचो. मला शेतीतलं काही कळत नाही, पण उभं राहायला तर येतं. घरी बायको, मशीन आणि अधूनमधून डोकावणारी शेजारची बाई. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग आभाळ जे बसलं ते उठेचना. एका संध्याकाळी मी चिखलाचे पाय धूत असताना इन्व्हर्टर वाजू लागला. बॅटरी तळाला गेली होती. माझ्या हिशोबाने ती तशी जायला आणखी दोन दिवस तरी लागायला हवे होते. मी फ्रिज बंद केला, दिवे बंद केले, अडीनडीसाठी कोपऱ्यात ठेवलेला ऑक्सिजनचा सिलेंडर पुढे ओढला आणि घाबरून मुलाला फोन लावला. म्हणालो, आणखी एकदा असं झालं तर आईला घेऊन येतो, घराला कुलूप लावतो. ती तिथेच तांदूळ निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आज मिक्सर जास्त चालला माझ्याकडून." मिक्सर जास्त चालला म्हणून बॅटरी बसत नाही. पण मी त्या वेळी पॅनेलवाल्याला शिव्या देण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून उलटंच सुरू झालं. आभाळ तसंच, पाऊस तसाच, आणि बॅटरी मात्र भरलेली. संध्याकाळी घरी आलो की मी आधी इन्व्हर्टरचा आकडा बघायचो, आणि तो माझ्या हिशोबापेक्षा वरच असायचा. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. माझी झोप उडाली. वीज अशी उरत नाही. कोळसा घातल्याशिवाय वाफ होत नाही हे मी आयुष्यभर पाहिलं आहे, मग उन्हाशिवाय बॅटरी भरलेली कशी राहते?

पहिला संशय यंत्रावर. मी गडचिरोलीहून मेकॅनिक बोलावला. तो मोटारसायकलवर भिजत आला, त्याने सगळं उघडून तपासलं आणि हात पुसत म्हणाला, "काका, बॅटरी चांगली हाय म्हणून तक्रार करणारे तुमीच पहिले." यंत्र बरोबर होतं. मला ते आवडलं नाही.

दुसरा संशय शेजारच्या बाईवर. ती बायकोची लहानपणची मैत्रीण, विधवा, एकटी राहते, तोंडाने मोकळी. माझ्या लक्षात आलं की मी शेतावरून परतताना पायवाटेच्या वळणावर दिसलो की ती आमच्या दारातून हमखास मोठ्याने म्हणते, "जवाईबापू आले वं बाई." इथलं वं म्हणजे अगं. आणि मी अंगणात पोचेपर्यंत आमच्या घरात खट्ट करून काहीतरी होतं. आत जावं तर बायको नाकाला नळी लावून बसलेली, मशीन घुरघुरतंय, शेजारीण आपल्या घरी निघालेली. सगळं जागच्या जागी. इतकं जागच्या जागी की मला खात्रीच पटली, या दोघींचं माझ्या पाठीमागे काहीतरी चालू आहे.

पण काय? शेजारीण आमची वीज वापरत असती तर बॅटरी कमी व्हायला हवी होती. ती जास्त होत होती. मग माझ्या डोक्यात आलं की हिने तिच्या दारातल्या खांबावरून आकडा टाकून आमच्या घरात वीज सोडली असावी, मैत्रिणीसाठी. चोरीची वीज, तीही वीजकेंद्रात जन्म घालवलेल्या माणसाच्या घरात. एका सकाळी भर पावसात छत्री घेऊन मी खांबापासून आमच्या भिंतीपर्यंत वायर शोधत गेलो. कुंपण चाचपलं, वेली बाजूला केल्या. बायको खिडकीतून बघत होती. काय शोधतो ते मी सांगितलं तेव्हा ती हसू लागली. "लोक वीज चोरून नेते," ती म्हणाली, "अन् आपल्या घरी आणून टाकून राह्यले?" हसता हसता तिला खोकला लागला आणि तो बराच वेळ थांबेना. मी नळी आणून दिली. ती शांत झाली आणि मी पुन्हा कुंपणाकडे गेलो.

इतर गोष्टीही दिसत होत्या. तिचं जेवण कमी झालं होतं. ती छोटी छोटी वाक्यं बोलायची, काही वाक्यं अर्ध्यात सोडून द्यायची. मला वाटलं, माझ्यावर रुसली आहे, कारण त्या फोननंतर आमच्यात नीट बोलणं झालंच नव्हतं. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणीच्या बायका गाणं म्हणत असायच्या आणि मी बांधावर आलो की गाणं बंद. एकदा त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने वाकल्या वाकल्या विचारलं, "आमच्या लेकीले बरं हाय ना, जवाईबापू?" मी हो म्हणालो. तिच्या शेजारचीने तिला कोपर मारलं. मी ते कोपर पाहिलं, आणि अख्खं गाव माझ्या शेतीला हसतंय असा अर्थ काढून घरी आलो.

शेवटी मी ठरवलं की वळणावरून यायचंच नाही. एका दुपारी विजा कडाडू लागल्या म्हणून रोवणी मध्येच थांबली. मी पायवाट सोडली, मागच्या बांधाबांधाने निघालो आणि चपला हातात घेऊन सांदवाडीतून, म्हणजे परसातल्या भाजीच्या वाडीतून, घराच्या मागे शिरलो. स्वतःच्याच घरात मी चोरासारखा येत होतो आणि मला त्यात समाधान वाटत होतं. आज दोघी रंगेहाथ सापडणार.

आधी कानाला कळलं. मशीनचा आवाज नव्हता. मागच्या छपरीत बायको जमिनीवर बसली होती, समोर धानाचं भरलेलं पोतं आणि त्यावर दोन्ही हात टेकलेले. खांदे कानापर्यंत चढलेले. तोंड उघडं. ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा झालेला. ती प्रत्येक श्वास वर ओढत होती आणि तो पुरेसा येत नव्हता. नळी नीट गुंडाळून खिळ्याला टांगली होती. पुढच्या दारात शेजारची बाई रस्त्याकडे तोंड करून, नजर वळणावर ठेवून बसली होती. मी आत गेलो. इन्व्हर्टरवर बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली दिसत होती.

मी बटण दाबलं, नळी तिच्या नाकाशी लावली. मला राग आला होता, आणि रागाहून जास्त भीती वाटत होती. तिच्या बोटाला लावायचं यंत्र मी लावलं आणि त्यातला आकडा हळूहळू वर सरकताना बघत राहिलो.

"मागून काऊन आले?" हे तिचे पहिले शब्द.

"मशीन कधीपासून बंद आहे?"

"आत्ताच केलं."

शेजारीण दारातून उठून आत आली होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आत्ताच नाई, जवाईबापू. तुमी गेले का बंद होते. रोज. तुमी दिसले का मी आवाज देते, मंग ते चालू करते." आणि मग भिंतीकडे बघून म्हणाली, "साऱ्या गावाले ठावं हाय. पण आमची लेक हाय ती. तिचं उणं तुमाले कसं सांगाव?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला इथे लिहायचं नाही. शेजारीण ऐकून घेत उभी राहिली, निघून गेली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. बायकोने मला थकेपर्यंत बोलू दिलं. मग नळीतून दोन श्वास घेतले.

"त्या दिवशी ते टूं टूं वाजलं," ती म्हणाली. "तुमी पोराले काय म्हणले ते आईकलं मी. म्हणलं, दिवसा नाई लावलं तर रात्रीले पुरते. दिवसा बसून राहाव, बोलाव नाई, म्हणजे दम कमी लागते."

"आणि पावसाळ्यात कमी लागतं म्हणाली होतीस ते?"

"ते तर खोटंच होतं," ती अजिबात न ओशाळता म्हणाली. "पावसाळ्यातच जास्त लागते. छातीवर कोणी बसल्यावानी होते. पण खरं सांगितलं असतं तर तुमी बॅटऱ्या नाई वाढवल्या असत्या. तुमी घरच रद्द केलं असतं."

तिचं बरोबर होतं. खरा आकडा हातात असता तर मी तो मुलाला दाखवला असता, आम्ही दोघांनी शहाणी माणसं डोलावतात तशा माना डोलावल्या असत्या आणि हे घर उभंच राहिलं नसतं. मी दूधवाल्यापासून पॅनेलवाल्यापर्यंत प्रत्येकावर पाळत ठेवली, आणि या घरात जिचा जीव पणाला लागला होता तिने माझा स्वभाव बरोबर हेरून मला हवा तो आकडा दिला होता. वीजकेंद्रात मागणी झेपेनाशी झाली की आम्ही भारनियमन करायचो, कुठला भाग अंधारात टाकायचा ते ठरवायचो. तिने माझ्या घरात ते काम केलं होतं आणि अंधारात टाकलेल्या भागात ती स्वतः राहत होती.

"चंद्रपूरला मुलाकडे काय वाईट आहे?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"वाईट काई नाई. सून पाणी हातात आणून देते. पण तिकडं मी पेशंट. इथी मी लेक." मग शेजारणीकडे बघून म्हणाली, "हे मले अजून वं म्हणते. तिकडं मले वं म्हणणारं कोण हाय?"

त्या संध्याकाळी मशीन दिवसभर चालवायचं तर पावसाळा निघेपर्यंत काय करायचं, हा प्रश्न होता. मुलाला मी सगळं सांगितलं. तो लगेच गाडी काढायला निघाला. मी त्याला थांब म्हणालो, हे म्हणताना माझं मलाच नवल वाटलं. शेजारीण म्हणाली, नाटकांच्या मंडपवाल्याचं जनरेटर ताडपत्रीखाली पडून असते, मंडईपर्यंत त्याले काई काम नसते. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ते आलं. ज्या जनरेटरवर थंडीत नाटकांचे दिवे लागतात ते आमच्या सांदवाडीत धूर सोडत बॅटरी भरू लागलं. आवाज असा की एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. बायकोच्या ओठांचा रंग परत आला. तोंडाला चव आली तशी ती माझ्या शेतीबद्दल पुन्हा बोलू लागली.

आणि गावाचं म्हणाल तर ती रीत माझ्यापुरती मोडली ती मोडलीच. आता मला सगळेच उणं सांगतात. तुमची रोवणी वाकडी झाली, तुमच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली, तुमच्या घराच्या मागच्या कोपऱ्याला ओल धरली आहे. चहात साखर बेताची पडते. जावई म्हणून माझी किंमत उतरली आहे, पण विषय आता कोणी बदलत नाही.

पोळा झाला, आभाळ उघडलं, आणि आम्ही पुन्हा छपरीत बसलो. पॅनेल आणि बॅटऱ्या वाढवायच्या होत्या, त्यासाठी मागणी नव्याने काढायची होती. या वेळी मी तिला काही विचारलंच नाही. तिच्या आकड्यावर माझा विश्वास उरला नव्हता. मशीनपुढे मी लिहिलं, उन्हाळा चोवीस तास, हिवाळा चोवीस तास, पावसाळा चोवीस तास. मला वाटलं, यापेक्षा सुरक्षित काही असूच शकत नाही, आणि तिला हे बघून बरं वाटेल.

तिने कागद उचलला, लांब धरून वाचला आणि खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला होता जसा त्या पोत्यावर टेकून बसलेली असतानाही झाला नव्हता.

"म्हणजे मी आता उठतच नाई का?"

"अगं, सुरक्षित धरलंय."

"सुरक्षित धरलं म्हणजे मले झोपवूनच टाकलं. आजपासून मरेपर्यंत." ती रडत नव्हती, पण मला तिच्याकडे बघवेना. "सकाळी मी सांदवाडीत जाते. वाल तोडते. शेजारणीशी दोन शब्द बोलते. तेवढे दोन तास काढा."

"दम लागेल."

"लागू द्या. जास्त लागला तर येऊन लावीन, आता लपवणार नाई. पण ते दोन तास माझे हाय. लिहून द्या."

मी बावीस लिहिले. तिने तिन्ही ऋतूंत बावीस करून घेतले, पुन्हा वाचून पाहिले आणि मगच वालाच्या शेंगा निवडायला आत गेली. मशीनची नळी तिच्यामागे फरशीवरून सरकत गेली. ती आत जाऊन बसल्यावर मी अंगणात जाऊन विक्रेत्याला फोन लावला आणि बॅटऱ्या चोवीस तासांच्याच सांगितल्या.

हे तिला मी सांगितलेलं नाही. ती रोज सकाळी मशीनचं बटण स्वतःच्या हाताने बंद करते आणि टोपली घेऊन सांदवाडीत जाते. मी छपरीत वर्तमानपत्र धरून बसतो. वालाच्या मांडवामागून तिचं आणि शेजारणीचं बोलणं ऐकू येतं, आणि ते मध्येच थांबलं की मी उठून उभा राहतो.